‘नो’ म्हटलं की ‘दो’? दोन विकेटांमधलं पळणं समजून घेऊ

मागच्या मे महिन्यातली रविवारची मॅच. सकाळी साडेसहाला टॉस झाला होता, कारण नागपुरात मे महिन्यात दहानंतर पॅड बांधून मैदानात उभं राहणं शहाणपणाचं नाही. शेवटच्या ओव्हरचे चार बॉल उरले होते आणि आम्हाला सात रन हवे होते. मी बॉल लाँग-ऑनकडे ढकलला, एक रन पूर्ण केला, बॅट टेकवून वळलो. फील्डर बॉलवर पोचला होता. मी ओरडलो, “नो!” माझा जोडीदार, विशीतला पोरगा, कीपरच्या टोकाला वळून माझ्याकडेच पाहत होता. तो जीव तोडून पळत सुटला. मी क्रीजमध्ये उभा, तो माझ्या शेजारी येऊन पोचला आणि तिकडे कीपरने सावकाश बेल उडवल्या.

“काय करून राहिला बे? नो म्हटलं ना मी!”

“भाऊ, तुमीच तं दो म्हटलं!”

तो खरं बोलत होता. त्याला ‘दो’च ऐकू आलं होतं. आमच्या टीममध्ये अर्धी पोरं मैदानावर हिंदीतच ओरडतात. दोन रन काढायचे असले की “दो, दो!” हा रोजचा कॉल. त्याच्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो. मॅच गेली. तेव्हापासून आमचे आणि शेजारच्या टीमचे रनआऊट मी नीट पाहायला लागलो. पळण्यात कमी पडला म्हणून आऊट झालेला माणूस क्वचित दिसतो. बहुतेक जण पळायचं की नाही हेच वेळेवर न कळल्याने आऊट होतात. हौशी क्रिकेटमध्ये बॅटिंगचा, बोलिंगचा सराव सगळे करतात. पळण्याचा सराव मी तरी फार कमी टीमांना करताना पाहिलं आहे. म्हणून हा सगळा विषय एकदा मुळापासून मांडतो.

पळायचं नेमकं किती?

पिच 22 यार्डांची, म्हणजे 20.12 मीटर. पण हे अंतर इकडच्या स्टंपपासून तिकडच्या स्टंपपर्यंतचं. आपल्याला स्टंपपर्यंत जायचंच नसतं. स्टंपच्या पुढे 4 फुटांवर पॉपिंग क्रीज असते, म्हणजे आपण चुन्याने मारतो ती पुढची आडवी रेघ. दोन्हीकडचे चार-चार फूट वजा केले की उरतात 58 फूट, 17.68 मीटर. त्यातही रेघेपलीकडे बॅट टेकली की पुरे. बॅट नियमाने 38 इंचांपर्यंत लांब असू शकते. खाली वाकून, हात पूर्ण लांबवून ती जमिनीलगत सरकवली, तर शरीर रेघेच्या दीड मीटर अलीकडे असतानाही तुम्ही सुरक्षित असता. म्हणजे स्ट्रायकरच्या (बॉल खेळणाऱ्याच्या) पायांना साधारण सोळा मीटर. नॉन-स्ट्रायकर, म्हणजे बोलरच्या टोकाचा बॅटर, आधीच बॅट आत टेकवून शरीर बाहेर ठेवून उभा असेल, तर त्याला त्याहूनही कमी.

आता वेळेचा ढोबळ हिशेब. पॅड, हेल्मेट, हातात बॅट घेऊन, उभ्या जागेवरून निघणारा आपल्यासारखा माणूस सरासरी सेकंदाला पाच मीटर पळतो असं धरू. सोळा मीटरला तीन सेकंद आणि थोडं वर. तुम्ही बॉल मिड-ऑनकडे ढकलला आणि तो फील्डर 25 मीटरवर उभा आहे. बॉल त्याच्यापर्यंत जायला दीड सेकंद. उचलून फेकायला एक सेकंद. ताशी 90 किलोमीटरचा थ्रो असेल, तर 25 मीटर यायला आणखी एक सेकंद. झाले साडेतीन. तुमच्याकडे शिल्लक किती? अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

मी पुन्हा पुन्हा सांगत असतो तो हाच अर्धा सेकंद. त्यात तुम्ही अडीच मीटर पळता, बॅटच्या लांबीच्या अडीचपट. “जाऊ का? थांब... चल!” एवढं बोलण्यात तो पूर्ण जातो. आपल्याकडचे रनआऊट बहुधा वीतभर अंतराने होतात. मग सगळे म्हणतात, जरा जोरात पळायला हवा होता. खरं तर अडीच मीटर निघण्याआधीच गेलेले असतात. जोरात पळून ते भरून काढणं ऑलिम्पिकच्या धावपटूलाही जड जाईल.

परत फिरण्याचा हिशेब तर याहून वाईट. सहा मीटर पुढे गेलेल्या माणसाला कुणी “परत!” म्हणालं, तर त्याला आधी थांबावं लागतं, मग वळावं लागतं, मग शून्यापासून वेग घ्यावा लागतो. रन पूर्ण करायला लागला असता तेवढाच वेळ, किंवा जास्तच. म्हणून आमच्या टीममध्ये एक गोष्ट ठरलेली आहे. नकार द्यायचा तर पहिल्या तीन पावलांच्या आत. अर्ध्या वाटेच्या पुढे गेल्यावर चूक कुणाचीही असो, दोघांनीही पुढेच पळायचं.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. 26 फेब्रुवारी 2025 ला नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर रणजी करंडकाची फायनल सुरू झाली, विदर्भ विरुद्ध केरळ. विदर्भाच्या 24 रनांत तीन विकेट गेल्या होत्या. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 रन जोडले. केरळच्या बोलरांना दिवसभर ती जोडी फुटली नाही. शेवटी फुटली ती रनआऊटने. पळायचं की नाही यात दोघांचा मेळ बसला नाही आणि नायर 86 वर गेला. त्याने दुसऱ्या डावात 135 केले, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 रनांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला, म्हणून ती विकेट आज कुणाच्या मनात सलत नाही. पण दिवसभर एकमेकांसोबत खेळून, एकमेकांचं पळणं माहीत असूनही एका क्षणाला असं होऊ शकतं.

कॉल कुणाचा, आणि कोणत्या शब्दात

मूळ पद्धत सोपी आहे. बॉल स्ट्रायकरच्या पुढे गेला, म्हणजे त्याला मान न वळवता दिसतो आहे, तर कॉल स्ट्रायकरचा. पॉइंटच्या किंवा स्क्वेअर लेगच्या (स्ट्रायकरच्या दोन्ही बगलांच्या) मागे गेला, तर कॉल नॉन-स्ट्रायकरचा, कारण त्याला तो समोर दिसतो. दुसऱ्या रनासाठी ज्याला धोक्याच्या टोकाला पळायचं आहे, म्हणजे जिथे थ्रो येण्याची शक्यता जास्त, त्याने ठरवायचं. जीव त्याचा, निर्णय त्याचा. आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क दोघांनाही, प्रत्येक रनाला, फक्त त्या पहिल्या तीन पावलांच्या आत. एकाने ‘नाही’ म्हटलं की रन संपला, त्यावर चर्चा नाही.

शब्द तीनच: येस, नो, वेट. ‘वेट’ हा अर्धा शब्द आहे. त्यानंतर लगेच ‘येस’ किंवा ‘नो’ यायलाच हवं. ‘वेट’ म्हणून गप्प बसणारा बॅटर जोडीदाराला अर्ध्या पिचवर सोडून देतो. शॉट मस्त बसला म्हणून त्याच्याकडे पाहत उभा राहणारा तसाच. बॉल सरळ फील्डरच्या हातात गेला तरी “नो” म्हणायचं. प्रत्येक बॉलला काहीतरी म्हणायचं, म्हणजे जोडीदाराचा कान तुमच्या आवाजाला सरावतो.

आता आपल्या गावची अडचण. लांबून ओरडलेल्या शब्दातलं व्यंजन वाऱ्यात हरवतं, स्वर तेवढा पोचतो. ‘नो’, ‘दो’ आणि ‘हो’ या तिन्हींतून समोरच्याला ऐकू येतं ते फक्त ‘ओ’. एकाचा अर्थ थांब, दुसऱ्याचा दोन पळ, तिसऱ्याचा चल. नागपूरच्या मैदानावर हे तिन्ही शब्द एकाच ओव्हरमध्ये ऐकू येतात, कारण आपण घरी मराठी, दोस्तांत हिंदी आणि क्रिकेटमध्ये इंग्रजी बोलतो. भरीला उन्हासाठी कानावर घट्ट बांधलेला दुपट्टा आणि त्यावर हेल्मेट. शेजारी दुसरी मॅच चालू असली, तर तिथलं “येस!”सुद्धा आपल्याला आपलंच वाटतं.

त्या मॅचनंतर आम्ही शब्द बदलले. पळायचं असेल तर ‘येस’. नसेल तर ‘नाही’. थांबायचं तर ‘रुक’. दोन काढायचे तर ‘टू’. ‘हो’, ‘नो’ आणि ‘दो’ पूर्ण बंद. ‘येस’ एका झटक्याचा आणि ‘नाही’ दोन झटक्यांचा, हे मुद्दाम ठेवलं. व्यंजन गेलं तरी एकदा ओरडला की दोनदा, एवढं कळतंच. शिवाय ‘नाही’ म्हणताना हाताचा पंजा समोर धरायचा. तुमच्या टीमने हेच शब्द घ्यावेत असं नाही. पण टॉसच्या आधी पाच मिनिटं बसून ठरवा, आणि नवीन पोरगा टीममध्ये आला की त्याला सगळ्यात आधी हे सांगा.

कॉल ऐकू न आल्याची सगळ्यात महागडी किंमत दक्षिण आफ्रिकेने मोजली. 17 जून 1999, एजबॅस्टन, वर्ल्ड कपची सेमीफायनल. ऑस्ट्रेलियाचे 213, आफ्रिकेचेही 213, शेवटची जोडी, एक रन हवा. लान्स क्लुसनरने बॉल मिड-ऑफकडे मारला आणि पळत सुटला. समोर ॲलन डोनाल्ड बॉलकडे पाहत उभा. त्याने वर पाहिलं तोवर क्लुसनर त्याच्याजवळ आला होता. घाईत बॅट हातातून पडली, आणि डोनाल्ड रनआऊट. मॅच टाय झाली आणि आधीच्या फेरीतल्या कामगिरीवर ऑस्ट्रेलिया फायनलला गेली. फार लोक विसरतात ते असं, की आदल्याच बॉलला डोनाल्ड खूप पुढे गेला होता आणि डॅरेन लेहमनचा थ्रो चुकला म्हणून थोडक्यात वाचला होता. ती भीती पायात राहिली असणार. जोडीदार एकदा घाबरला की पुढच्या बॉलआधी त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत. मी आता ते न चुकता करतो.

बॅकअप: बॉल सुटल्यावरच

नॉन-स्ट्रायकरने बोलरबरोबर चालत पुढे सरकणं म्हणजे बॅकअप. याने एक-दीड मीटर मिळतो आणि उभ्या जागेवरून निघावं लागत नाही. पण नजर बोलरच्या हातावर हवी. हातातून बॉल सुटेपर्यंत बॅट रेघेच्या आत टेकलेली, सुटला की पाऊल बाहेर. आधीच निघालात आणि बोलरने बेल उडवल्या, तर तुम्ही रनआऊट आहात आणि तक्रारीला जागा नाही. भारताच्या विनू मांकड यांनी डिसेंबर 1947 मध्ये सिडनीच्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असं आऊट केलं. तेव्हापासून पाऊणशे वर्षं लोकांनी या प्रकाराला त्यांचं नाव देऊन ते शिवीसारखं वापरलं. मला हा एका मोठ्या खेळाडूवरचा अन्याय वाटतो. बाहेर पडला होता बॅटर, आणि नाव खराब झालं बोलरचं. 1 ऑक्टोबर 2022 पासून नियमावलीतही हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या रनआऊटच्या कलमात ठेवला आहे. आधी समज द्यायलाच हवी असं नियम म्हणत नाही. आपल्या मैदानांवर यावरून अजूनही हाणामारीची वेळ येते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नॉन-स्ट्रायकरने उभं राहायचं ते बोलर ज्या बाजूने टाकतो त्याच्या विरुद्ध बाजूला. पळायचंही त्याच बाजूने, पिचच्या बाहेरून. स्ट्रायकरने दुसऱ्या बाजूने. एवढं पाळलं तर मधोमध टक्कर होत नाही, आणि मातीच्या पिचवर मधला भागही खराब होत नाही.

फील्डर वाचायचा

रन आहे की नाही हे ठरवताना बॉल किती लांब गेला यापेक्षा तो फील्डरच्या कोणत्या हाताला गेला ते पाहा. उजव्या हाताने फेकणारा फील्डर डावीकडे पळत जाऊन बॉल उचलतो, तेव्हा त्याला थांबून अंग फिरवून मगच फेकता येतं. तो जास्तीचा अर्धा सेकंद तुमचा. पहिल्या दोन ओव्हर झाल्या की कोण डावखुरा आहे, कुणाचा खांदा दुखतो, कोण थ्रो नेहमी खांद्यावरून न फेकता खालून सोडतो, हे दोघांनी एकमेकांना सांगायचं.

बॉल किती जोरात मारला यालाही उलटा अर्थ आहे. कव्हरकडे सणसणीत मारलेला बॉल फील्डरकडे क्षणात पोचतो आणि रन मरतो. तोच बॉल हातांची पकड सैल ठेवून हळूच खाली सोडला, तर तो पिचपासून दहा पावलांवर रेंगाळतो आणि आरामात एक मिळतो.

मिसफील्डवर पळू नये, असं जुने लोक सांगतात. त्याचं कारण समजलं की ते पाळावंसं वाटतं. बॉल हातातून निसटतो तेव्हा तो बहुतेक वेळा फील्डरच्या पायाजवळच पडतो, आणि त्या क्षणी दोघे बॅटर थांबलेले किंवा मागे फिरलेले असतात. एकाला निसटलेला बॉल दिसतो, दुसऱ्याला नाही. कॉल उशिरा येतो. बॉल दहा-पंधरा पावलं मागे गेला तरच निघायचं.

मग मैदान. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, गवत वाळतं, बॉल अंगणात पडल्यासारखा टणटण उडत सीमेकडे जातो. तेव्हा बहुधा एक किंवा चार, मधलं क्वचित. पण भेगेवर आपटून बॉल कधी फील्डरच्या खांद्यावरूनही जातो, म्हणून उन्हाळ्यातही पहिला रन जोरात पळायचा, तसं झालं तर दुसरा आपोआप तयार होतो. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत हिरवं आणि माती ओलसर असते. बॉल तीस मीटरवर जाऊन अडतो. दोन रनांचा खरा मोसम तो. रेशीमबागेचं मैदान असो की एखाद्या लेआउटमधली मोकळी जागा, टॉसच्या आधी दोघांनी बॉल चारही दिशांना घरंगळत सोडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

वळण आणि रेघ

पहिला रन पळताना सरळ पळा, आणि वळायच्या आधी बॅट योग्य हातात घ्या. नियम एका वाक्याचा आहे: बॉल ज्या बाजूला, बॅट त्याच्या उलट हातात. समजा उजव्या हाताच्या बॅटरने मिडविकेटला मारलं. तो बोलरच्या टोकाकडे पळतोय, बॉल त्याच्या डावीकडे आहे. त्याने बॅट उजव्या हातात धरून रेघेपलीकडे सरकवली, की छाती आपोआप डावीकडे, बॉलकडे वळते. वळता वळता त्याला फील्डर दिसतो आणि दुसऱ्याचा निर्णय तिथेच होतो. बॅट डाव्या हातात राहिली, तर त्याची पाठ बॉलकडे होते, आणि तो मान फिरवून शोधेपर्यंत अर्धा सेकंद गेला. त्याच शॉटवर कीपरच्या टोकाला जाणाऱ्या जोडीदारासाठी बॉल उजवीकडे असतो, म्हणून त्याची बॅट डाव्या हातात.

बॅट रेघेच्या दोन-तीन फूट अलीकडूनच जमिनीला लावून सरकवत न्यायची, कडेवर उभी धरून. रेघेवर पोचून वरून खुपसली, तर दोन गोष्टी होतात. ती हवेत असतानाच बेल उडू शकतात, आणि जमिनीत अडकली तर दांडा पोटात बसतो. मॅटवर खेळताना याचा जास्त जपून विचार करा. मॅटची कड जिथे खिळ्यांनी ठोकलेली असते, तिथे ती सामन्याच्या उत्तरार्धात थोडी उचललेली असते. मी तिथे बॅटचं टोक अडकून दोघांना तोंडावर पडताना पाहिलं आहे. बॅटिंगला जाताना दोन्ही टोकांची कड पायाने दाबून पाहायची सवय लावून घ्या.

आणि रेघ कुणाची? रेघेवर बॅट असेल तर आऊट. रेघेची मागची कड ही खरी क्रीज, बॅट किंवा शरीराचा काही भाग तिच्या मागे टेकलेला हवा. मात्र 2017 पासून एक चांगला बदल झाला. पळत किंवा झेप घेत येताना बॅट एकदा रेघेपलीकडे टेकली आणि मग त्याच वेगात उसळून हवेत गेली, तर त्या क्षणी बेल उडाल्या तरी बॅटर आऊट नाही. पाय टेकून पुढे पळत असताना दोन्ही पाय हवेत असले तरी तेच. आपल्या अंपायरांना हे बऱ्याचदा माहीत नसतं.

भांडणाच्या जागा

आमच्या मॅचमध्ये वाद झाला तो आऊट कोण यावर. समोरची टीम म्हणत होती, नकार भाऊंनी दिला, तर तेच आऊट. नियमात चूक कुणाची हे पाहिलं जात नाही, कोण कुठे होतं हे पाहिलं जातं. मी बोलरच्या टोकाला आत होतो. दुसरा नंतर तिथे आला तरी ते टोक माझंच राहतं. म्हणून कीपरच्या टोकाची विकेट तुटली तेव्हा तो पोरगा आऊट. दोघेही पिचच्या मधे असते, तर एकमेकांना ओलांडलं होतं की नाही ते पाहायचं. तुटलेल्या विकेटच्या जवळ जो होता तो जातो.

अर्धवट राहिलेला रन मोजत नाहीत, पूर्ण झालेला मोजतात. म्हणजे दुसऱ्यावर रनआऊट झालं तर एक खात्यात. वळताना बॅट रेघेअलीकडेच टेकली तर तो शॉर्ट रन. अंपायर बोटं खांद्याला लावून दाखवतो आणि तेवढा एक रन कापतो.

कॅच हवेत असताना पळून ओलांडून घ्यायची जुनी सवय आता उपयोगाची नाही. ऑक्टोबर 2022 पासून कॅच आऊट झाल्यावर नवा बॅटरच स्ट्राइकला येतो, ओव्हर संपली असेल तेवढं सोडून.

ओव्हरथ्रो, म्हणजे फील्डरचा भरकटलेला थ्रो, सीमेपार गेला तर चार, अधिक पूर्ण झालेले रन, अधिक चालू रन. पण चालू रन कधी धरायचा? फील्डरने बॉल फेकला त्या क्षणी दोघांनी एकमेकांना ओलांडलं असेल तरच. 14 जुलै 2019 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये न्यूझीलंडच्या मार्टिन गप्टिलचा थ्रो इंग्लंडच्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला. थ्रोच्या क्षणी दुसऱ्या रनावर दोघांनी ओलांडलं नव्हतं, तरी सहा रन दिले गेले. माजी अंपायर सायमन टॉफेल यांनी नंतर स्पष्ट सांगितलं की पाच द्यायला हवे होते. लॉर्ड्सवर असं होऊ शकतं, तर आपल्या मैदानावर बॅटिंग टीमचाच माणूस अंपायर असताना काय होईल याचा विचार करा, आणि हा नियम स्कोअररला तरी पाठ असू द्या.

जखमी बॅटरसाठी रनर (त्याच्याऐवजी पळणारा) आंतरराष्ट्रीय सामन्यांत 2011 पासून बंद आहे. आपल्या स्थानिक सामन्यांत आयोजकांनी मनाई केली नसेल तर चालतो. त्याने पॅड-ग्लोव्ह्ज घालून, बॅट घेऊनच पळायचं. आणि जखमी बॅटरने स्ट्राइकवर असताना भान विसरून स्वतः क्रीज सोडली, तर तोही आऊट होऊ शकतो. तिघे मिळून पळताना कॉल फक्त रनर आणि समोरचा यांनीच द्यायचा.

ऊन

नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. सकाळी नऊलाच अंगावरचा घाम वाळायला लागतो. अशा वेळी ओळीने दोनदा दोन-दोन रन काढले, की तिसऱ्या बॉलला पाय जड होतात. त्याआधीच जड होतं डोकं. कॉल उशिरा येतो, अंतर चुकतं. म्हणून दोघांपैकी एक धापा टाकत असेल, तर दुसऱ्याने ग्लोव्ह काढून पुन्हा घालावा, पिच ठोकावी, त्याला श्वास घेऊ द्यावा. खेळ मुद्दाम लांबवायचा नाही, वीस सेकंद पुरतात. ओव्हर संपल्यावर चार घोट पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक. चक्कर आली, पायात गोळे आले किंवा घाम येणंच थांबलं, तर लगेच सावलीत जायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. तिथे शौर्य दाखवायची गरज नाही.

सराव

आमचा सराव आता असा असतो. रविवारी मॅचच्या आधी वीस मिनिटं. चुन्याच्या दोन रेघा, मधे मोजून 58 फूट. दोघे पॅड, हेल्मेट आणि कानाला दुपट्टा बांधून उभे. तिसरा बॉल कुठेही ढकलतो, चौथा मिड-ऑनवरून फेकतो. कॉल ज्याचा आहे त्यानेच द्यायचा, दुसऱ्याने ‘नाही’ सोडून काही म्हटलं तर तो रन बाद. पाच रन झाले की जोडी बदलायची, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा आवाज ओळखता येतो. पाचवा माणूस बाउंडरीवर उभा राहून मधूनच उगाच “दो!” ओरडतो. त्यावर जो हलला, त्याला पुन्हा पहिल्यापासून पळावं लागतं. गेल्या रविवारी त्या मे महिन्यातल्या पोराला मी तीनदा “दो!” ओरडून पाहिलं. तो बॅट आत टेकवून माझ्याकडे पाहत उभा राहिला आणि ‘टू’ येईपर्यंत हलला नाही.